इजिप्तच्या जुन्या चित्रनोंदी: कोणत्या रेघेवर किती भरवसा ठेवायचा?

प्रश्न असा आला आहे: नेपोलियनच्या मोहिमेतल्या विद्वानांनी छापलेल्या ग्रंथात एडफूच्या देवळाचे खांब पायथ्यापासून मोकळे दिसतात. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्सच्या चित्रात मात्र तेच खांब जवळपास माथ्यापर्यंत रेतीत गाडलेले आहेत. दोन्ही मंडळी तिथे प्रत्यक्ष गेली होती. मग खरं कोणाचं मानायचं? आणि कॅमेऱ्याच्या आधीची ही चित्रं पुरावा म्हणून वापरता येतात का?

येतात. काही देवळांच्या बाबतीत तर त्यांच्यावाचून फारसं काही उरलेलंच नाही. पण सरसकट नाही. प्रत्येक चित्राला चार गोष्टी विचाराव्या लागतात: काढणारा कुठे उभा होता, हातात साधन काय होतं, वेळ किती मिळाला, आणि त्यानं ओढलेली रेघ छापून बाहेर पडेपर्यंत किती जणांच्या हातांतून गेली. यातला चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो. माझं काम शिलालेख आणि शिल्पांच्या आरेखनाचं. वर्षानुवर्षं भिंतीसमोर बसून रेघा ओढल्या की दुसऱ्याची रेघ कुठे अडखळली, कुठे अंदाजानं पुढे गेली, ते दिसायला लागतं. खालचं सगळं त्या नजरेतून आहे.

आधी एडफूचं मिटवून टाकू. फ्रेंच तिथे पोचले १७९९ मध्ये. तेव्हाही देऊळ रेतीत आणि राडारोड्यात बुडालेलंच होतं, छपरावर लोकांची मातीची घरं होती. ते मोकळं केलं फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑगस्त मारिएत यांनी, १८६० च्या दशकात. म्हणजे १८३८ मध्ये आलेल्या रॉबर्ट्सनं डोळ्यांना दिसलं ते काढलं. फ्रेंच ग्रंथात दृश्यचित्रं वेगळी आहेत आणि मोजमापाची आरेखनं वेगळी. तुम्ही पाहिलेली प्लेट दुसऱ्या जातीची आहे: दर्शनी बाजूचा उभा आराखडा. असा आराखडा करणाऱ्या वास्तुरचनाकाराला गाडलेला भाग वगळता येत नाही, तो हिशेबानं पुरा करावा लागतो. त्यामुळे खांबांची जाडी, त्यांच्यातलं अंतर, माथ्यांची घडण यांसाठी फ्रेंच प्लेट बघायची आणि १८३८ मध्ये रेती कुठवर होती हे रॉबर्ट्सला विचारायचं. उलट केलंत तर दोघंही खोटे पडतील. रॉबर्ट्स मुळात नाटकाचे पडदे रंगवणारा, हेही लक्षात असू द्या. त्याच्या चित्रांत माणसं जरा लहान असतात आणि देवळं त्यामुळे जास्तच अजस्र वाटतात. शिवाय त्याच्या जलरंगांवरून दगडावर चित्र उतरवलं ते लुई हाग या लिथोग्राफरनं, लंडनमध्ये बसून. रॉबर्ट्सच्या प्लेटवरची चित्रलिपी वाचायचा प्रयत्न करू नका. ती वाचण्यासाठी काढलेली नाही.

आता चौथ्या प्रश्नाचं सगळ्यात बोलकं उदाहरण. डेंडेरा इथल्या हाथोर देवीच्या देवळात छतावर एक वर्तुळाकार राशिचक्र कोरलेलं होतं. नेपोलियनच्या मोहिमेतले प्रोस्पेर जोलोआ आणि एद्वार द व्हिलिये हे दोन तरुण अभियंते त्याच्या मागे लागले. खरं तर त्यांना नाईलचं पाणी आणि बंधारे मोजायला पाठवलेलं होतं. वरिष्ठांची बोलणी खाऊन, मिळेल त्या वेळात, अंधाऱ्या खोलीत मान वर करून त्यांनी ते चक्र उतरवून घेतलं. पेन्सिली संपल्यावर बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या वितळवून कामचलाऊ पेन्सिली केल्या, अशी हकीकत सांगतात. मोहिमेतला निकोला-झाक कोंते हा पेन्सिली बनवण्यातलाच माणूस, त्यामुळे ती खरी असायला हरकत नाही.

पुढे १८२१ मध्ये लेलोरें नावाच्या माणसानं ते छत कापून काढलं आणि पॅरिसला नेलं. अठराव्या लुईनं दीड लाख फ्रँक मोजून ते विकत घेतलं. आज ते लूव्रमध्ये आहे. पॅरिसमध्ये त्याच्या वयावरून रणधुमाळी माजली: कुणी पंधरा हजार वर्षं जुनं म्हणे, कुणी आणखी काही. चित्रलिपीचं कोडं उलगडणाऱ्या शांपोलियोंनी १८२२ मध्ये फ्रेंच ग्रंथातली प्लेट पुढे घेतली. राशिचक्राशेजारी एक राजनामाची लंबगोल चौकट छापलेली होती, जिला कार्टूश म्हणतात. त्यातली चिन्हं त्यांनी वाचली: ‘ऑटोक्रेटर’, म्हणजे रोमन सम्राटांची पदवी. संपलं. देऊळ रोमन काळातलं, पंधरा हजार वर्षांच्या गप्पा बंद.

सहा वर्षांनी, नोव्हेंबर १८२८ मध्ये, शांपोलियों स्वतः डेंडेराला गेले. कार्टूश कोरलेला दगड लेलोरेंनं मागेच ठेवला होता, त्यामुळे पॅरिसमध्ये ताडून बघायची सोयच नव्हती. त्यांनी वर पाहिलं तर चौकट कोरी! आत कधी काही खोदलेलंच नव्हतं. देवळात इतरत्र दिसलेली चिन्हं आरेखनात त्या रिकाम्या चौकटीत जाऊन बसली होती. त्यात लबाडी नव्हती. रिकामी चौकट अपुरी दिसते म्हणून ती भरायची, हा त्या काळच्या छापील चित्राचा साधा शिरस्ता होता. गंमत अशी की निष्कर्ष फारसा चुकला नाही. छत आज ख्रिस्तपूर्व ५० च्या आसपासचं, टॉलेमी या ग्रीक घराण्याच्या राजवटीच्या शेवटच्या टप्प्यातलं मानतात. पण इतक्या मोठ्या वादाचा निकाल अस्तित्वात नसलेल्या पाच-सात चिन्हांवर लागला होता. जुन्या प्लेटवरून काहीही सिद्ध करायच्या आधी मी ही गोष्ट आठवतो.

(डेंडेरावरून आठवलं म्हणून सांगतो. १८०१ मध्ये फ्रेंचांशी लढायला जनरल बेअर्डबरोबर मुंबईहून जे सैन्य तांबड्या समुद्रातून गेलं, त्यातले हिंदी शिपाई वाळवंट ओलांडून नाईलकाठी केना इथे उतरले. पलीकडच्या तीरावर डेंडेरा. तिथल्या मूर्ती आपल्याच देवांच्या मानून शिपायांनी नमस्कार केले, असं बरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. त्या शिपायांपैकी कुणी चार रेघा ओढून ठेवल्या असत्या तर!)

फ्रेंच ग्रंथाबद्दल थोडं आणखी सांगायला हवं, कारण नेटवर सगळ्यात जास्त फिरतात त्या त्याच्याच प्लेट. ‘देस्क्रिप्सियों द लेजिप्त’ १८०९ पासून पुढची वीसेक वर्षं टप्प्याटप्प्यानं निघत राहिला. नऊशेच्या आसपास प्लेट, काही कागद तर मीटरभर लांबीचे. नाईलकाठी काढलेलं चित्र पॅरिसला यायचं, तिथे दुसरा कोणी ते स्वच्छ करायचा, तिसरा तांब्याच्या पत्र्यावर उलटं खोदायचा, चौथा छापायचा. खोदणाऱ्यानं इजिप्त पाहिलेलं नसायचं. आकाश आणि सपाट भिंतींच्या समांतर रेघा हातानं खोदण्यात महिने जात म्हणून कोंतेनं त्यासाठी एक यंत्रच बनवलं. त्या प्लेटमधलं आकाश इतकं एकसारखं, घोटीव का दिसतं याचं उत्तर ते यंत्र आहे. तिथली हवा तशी होती असं समजू नका.

आणि सगळ्यात मोठी अडचण: यातल्या कोणालाही चित्रलिपी वाचता येत नव्हती. न कळणारी लिपी उतरवताना हात आपोआप ओळखीच्या आकारांकडे वळतो. घुबडाचं कबूतर होतं, दोन सारख्या चिन्हांतला बारीक फरक पुसला जातो. मोठ्या मजकुराच्या जागी काही ठिकाणी नुसती भरती केलेली दिसते. यासाठी एक साधी तपासणी आहे. चित्रलिपीत माणसं आणि प्राणी ज्या दिशेला तोंड करतात, तिकडून ओळ वाचायला सुरुवात होते. एकाच ओळीत एक पक्षी डावीकडे आणि दुसरा उजवीकडे बघत असेल तर शंका घ्या. सगळीच ओळ भिंतीच्या उलट दिशेला बघत असेल, तर खोदणारा तांब्यावर चित्र उलटं करायला विसरला आहे.

मोहिमेतलाच व्हिवाँ देनों हा याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. पन्नाशी उलटलेला दरबारी माणूस, जनरल दसेच्या फौजेबरोबर दक्षिणेकडे निघाला. फौज मुराद बे या मामलुक सरदाराच्या मागावर होती, देवळांसाठी थांबत नव्हती. थेब्ज (आजच्या लक्झरजवळची प्राचीन राजधानी) दिसल्यावर सगळी पलटण आपणहून थांबली आणि टाळ्या वाजवू लागली, असं देनोंनी लिहिलंय. सैनिकांनी गुडघ्यांचं मेज केलं, अंगाची सावली धरली आणि त्यानं चित्र काढलं. त्याचा ग्रंथ १८०२ मध्येच आला, मोठ्या ग्रंथाच्या कितीतरी आधी. त्याची चित्रं घाईची आहेत, मोजमापाला कुचकामी आहेत, पण ती एका माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहेत आणि तशीच वाचता येतात. मला ती फार आवडतात. पुरावा म्हणून मात्र जपून.

वेळेचा प्रश्न पाहायचा तर जेम्स ब्रूस बघा. थेब्जसमोरच्या, फॅरोंची थडगी असलेल्या राजांच्या दरीतल्या तिसऱ्या रामेसेसच्या थडग्यात, ज्याला आज ११ क्रमांक आहे, एका बाजूच्या लहान खोलीत दोन आंधळे हार्पवादक रंगवलेले होते. नाईलचा उगम शोधायला निघालेला हा स्कॉटिश प्रवासी १७६९ च्या सुमाराला तिथे शिरला. तो लिहितो की वाटाडे घाबरले, मशाली आपटून बाहेर पळाले आणि काम अर्धवट सोडावं लागलं. पुढे १७९० मध्ये छापलेल्या चित्रात हार्पवादकाचा झगा, उभं राहण्याची ढब, हार्पचं नक्षीकाम, सगळं युरोपातल्या बैठकीच्या खोलीत शोभेल असं झालंय. लोकांनी त्याला थापाड्या ठरवलं. नंतर देनों गेला, मग विल्किन्सन, मग रोसेलिनी (या दोघांकडे पुढे येतो), आणि हार्पवादक खरोखर तिथे होते! ब्रूसनं वस्तू खरी पाहिली होती. तपशील आठवणीतून आणि सवयीतून भरले होते. आज त्या भिंतीचं बरंच नुकसान झालंय, म्हणून तिच्यासाठी १८२० च्या दशकातल्या प्रतींकडेच जावं लागतं. ब्रूसच्या चित्राचा उपयोग एवढाच, की त्या साली चित्र जागेवर होतं.

याच्या उलट नॉर्डेन. फ्रेडरिक लुडव्हिग नॉर्डेन हा डेन्मार्कच्या आरमारातला कप्तान, १७३७-३८ मध्ये नाईलनं वर न्युबियातल्या डेर्रपर्यंत गेला. त्याच सुमाराला रिचर्ड पोकॉक हा इंग्रज पाद्रीही इजिप्तमध्ये होता. पोकॉकनं स्फिंक्सचं जे चित्र छापलं ते बरंचसं कॉर्नेलिस द ब्रुइन यांच्या १६९८ च्या चित्रावर बेतलेलं. नॉर्डेननं समोर बसून काढलं, आणि त्याच्या स्फिंक्सला नाक नाही. नेपोलियनच्या तोफांनी नाक उडवलं ही आवई अजूनही फिरते, तिला हे एकच चित्र पुरे आहे: ते छापलं गेलं १७५५ मध्ये, नेपोलियनच्या जन्माआधी चौदा वर्षं. (अरब इतिहासकार मक्रीझी नाक फोडल्याचा दोष १३७८ मधल्या एका सूफी माणसावर ठेवतो.) आरमारी माणसाला किनारा जसा दिसतो तसाच काढायची सवय असते, कारण चुकलं तर जहाज खडकावर जातं. नॉर्डेनचे नाईलच्या पात्राचे नकाशे बघा म्हणजे कळेल. पण त्याचीही चित्रलिपी? वाचण्याच्या पलीकडची.

एकाच जागेच्या अनेक नोंदी ताडून पाहायच्या असतील तर पहिल्या सेटीचं थडगं घ्या. राजांच्या दरीतलं १७ क्रमांकाचं. जोव्हान्नी बेल्झोनीला ते ऑक्टोबर १८१७ मध्ये सापडलं. पादुआचा हा धिप्पाड माणूस इंग्लंडात जत्रांमधून ताकदीचे खेळ करत असे, पुढे ब्रिटिश कॉन्सल हेन्री सॉल्टसाठी पुतळे हलवायचं काम करू लागला. थडग्यातले रंग नुकतेच भरल्यासारखे ताजे होते. या सगळ्याची प्रतिकृती करून लंडनला दाखवायची असं त्यानं ठरवलं आणि अलेस्सांद्रो रिची या सिएनाच्या डॉक्टराला हाताशी घेतलं. रिचीचा हात फार चांगला. दोघांचे जलरंग आज ब्रिस्टलच्या संग्रहालयात आहेत, आणि त्यांतल्या निळ्या-पिवळ्याकडे पाहिलं की आपण काय गमावलं ते समजतं.

पण बेल्झोनीनं ठसेही घेतले, मेणाचे. तिथल्या उष्म्यात नुसतं मेण टिकेना, म्हणून मेण, राळ आणि बारीक धूळ मिसळून लगदा केला. रंगाला इजा न होता ठसा उचलणं सगळ्यात अवघड गेलं, असं तो स्वतःच सांगतो. माणसाच्या उंचीच्या आकृती त्यानं १८२ मोजल्या. चित्रलिपीची वेगवेगळी चिन्हं पाचशेच्या घरात, ती चार आकारांत, म्हणून प्रत्येक आकाराचा एकेक नमुना घेतला: सुमारे दोन हजार ठसे. हे वाक्य आमच्या धंद्यातल्या माणसानं दोनदा वाचावं असं आहे. त्यानं भिंतीवरचा मजकूर सलग उतरवला नाही, छापखान्यातल्या खिळ्यांसारखा अक्षरसंच तयार केला आणि लंडनमध्ये त्यातून भिंती जुळवल्या. पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये १ मे १८२१ ला ज्या दोन दालनांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उघडल्या, त्यात प्रत्येक घुबड हे एकाच घुबडाचं भावंड होतं. मूळ भिंतीवर मात्र प्रत्येक घुबड वेगळ्या वेळी, कदाचित वेगळ्या कारागिरानं खोदलेलं.

ठशाचं नुकसान कसं होतं ते सांगतो, कारण हे काम मी हातानं केलंय. आपल्याकडे शिलालेखाचा ठसा घेताना दगड धुतात, ओला कागद पसरतात, ताठ केसांच्या ब्रशानं ठोकून तो प्रत्येक खाचेत बसवतात, मग कागद जरा सुकला की वरून शाईची गादी फिरवतात. कोकणातल्या गधेगाळाला (शापवचन कोरलेल्या दानाच्या दगडाला) किंवा कातळातल्या लेण्याच्या लेखाला याचं काही वाटत नाही, कारण दगडावर रंग नाही. इजिप्तमध्ये चुनखडी आहे, वर पातळ गिलावा, त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. ओला कागद लावला की ते द्रव्य सुटतं आणि कागद सोलताना रंग त्याच्यामागे येतो. मेण गिलाव्यालाच धरून बसतं, वर डाग पडतो. एकोणिसाव्या शतकात हे सगळेच करत होते. म्हणजे जितकी नोंद चांगली, तितकी भिंत गरीब.

सेटीच्या थडग्याचं आणखीही झालं. आत शिरताना एक खोल विहीर होती, पुराचं पाणी तिथे अडावं म्हणून खोदलेली. ती बुजवून वाट केली, आणि पुढच्या पावसात पाणी थेट आत गेलं. दगड फुगून तडकले. १८२९ मध्ये शांपोलियों आणि पिसाचे इप्पोलितो रोसेलिनी आपल्या फ्रेंच-तोस्कान मोहिमेसह आले. चित्रकारांत हा रिची पुन्हा होताच. त्यांनी भिंती उत्तम उतरवल्या आणि दाराच्या दोन बाजूंचे, सेटी आणि हाथोर दाखवणारे, दोन शिल्पपट कापून नेले. एक लूव्रला, एक फिरेन्झेला. जोसेफ बोनोमी या तरुण आरेखकानं रागावून पत्र लिहिलं तेव्हा शांपोलियोंचं उत्तर साधारण असं होतं: पॅरिसमध्ये गेले तरच ते वाचतील. लेप्सिउस या जर्मन अभ्यासकानंही पुढे एका खांबाचा भाग बर्लिनला नेला. लूव्र आणि फिरेन्झेतल्या त्या दोन शिल्पपटांचे रंग आज थडग्यातल्या शेजाऱ्यांपेक्षा बरे आहेत, म्हणून शांपोलियों अगदीच खोटं बोलले असंही म्हणवत नाही. पण भिंतीला भगदाड पाडणाऱ्यानंच तिची सर्वोत्तम नोंद करावी, हे गिळायला जड जातं.

इथे एक फरक हाताळायला शिका. रोसेलिनीच्या प्लेट १८३२ पासून १८४४ पर्यंत निघाल्या. रंग भडक, बाह्यरेषा आत्मविश्वासाच्या, तुटलेला भाग बऱ्याचदा बिनबोभाट जोडलेला. लेप्सिउसच्या प्रशियन मोहिमेच्या (१८४२-४५) प्लेट १८४९ ते १८५९ मध्ये आल्या, ८९४. त्यात एर्न्स्ट आणि माक्स या वाइडेनबाख बंधूंनी तुटलेली जागा तुटलेली दाखवली आहे, आणि मजकूर लिपी जाणणाऱ्यानं तपासला आहे. मजकुरासाठी मी डोळे झाकून लेप्सिउस उघडतो. शैलीसाठी कधीच नाही: पिरॅमिडकाळातलं चिन्ह असो की दोन हजार वर्षांनंतरचं, वाइडेनबाखच्या हाताखाली ती सगळी एकाच शाळेत शिकल्यासारखी दिसतात. एर्न्स्टनं पुढे चित्रलिपीचे छापखान्याचे खिळेच रेखाटून दिले, यात नवल नाही.

छापलेल्या प्लेटवर फार बोललो. खरं सोनं न छापलेल्या वह्यांत आहे, आणि सामान्य वाचकाला नेमक्या याच वह्या माहीत नसतात. जॉन गार्डनर विल्किन्सन १८२१ मध्ये इजिप्तला आला आणि बारा वर्षं राहिला, त्यातली बरीच कुर्नाच्या टेकडीवर एका जुन्या थडग्यात संसार थाटून. राजांच्या दरीतल्या थडग्यांना त्यानं १८२७ मध्ये रंगानं क्रमांक घातले, १ ते २१. तीच मालिका आजही चालते. रॉबर्ट हे (‘हे’ हे त्याचं आडनाव) या स्कॉटिश जमीनदारानं बोनोमी, फ्रेडरिक कॅथरवूड, एडवर्ड लेन अशी हुशार माणसं पदरी ठेवली आणि वर्षानुवर्षं थेब्जचे डोंगर पिंजून काढले. राजांच्या दरीत चौथ्या रामेसेसच्या थडग्यात त्याचा मुक्काम असे. हेच्या चित्रांचे ४९ खंड ब्रिटिश लायब्ररीत आहेत, विल्किन्सनच्या वह्या ऑक्सफर्डला बॉडलियनमध्ये. हेनं छापून काढलं ते मुख्यतः कैरोच्या दृश्यांचं एक पुस्तक, त्यात हात पोळले, मग बाकीचं तसंच राहिलं.

ही मंडळी कॅमेरा ल्युसिडा वापरत. नावात कॅमेरा असला तरी फोटोशी संबंध नाही. १८०६ मध्ये वॉलस्टननं शोधलेला काचेचा लहानसा लोलक, दांडीवर बसवलेला. डोळा त्याच्या कडेला लावला की समोरची भिंत कागदावर पडल्यासारखी दिसते आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात बुबुळ केसभर हललं की चित्र सरकतं, आणि थडग्याच्या अंधारात समोरचा दिवा व कागदावरचा दिवा यांचं प्रमाण जमलं नाही तर पेन्सिलीचं टोकच दिसेनासं होतं. म्हणून अशा आरेखनांत मोठ्या आकृतींची प्रमाणं अचूक, बोटं-चेहरे मात्र डोळ्यांनी नंतर भरलेले, असं मिश्रण आढळतं. वहीच्या समासात रंगांच्या खुणा असतात, ‘इथे तुटलंय’ अशी टीप असते, एखादी ओळ खोडून पुन्हा लिहिलेली असते. छापताना नेमकं हे गळतं. खाडाखोड दिसली की मला भरवसा वाटायला लागतो.

या सगळ्याचा आज उपयोग काय, तर काही जागा आता फक्त कागदावर आहेत. आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर तिसऱ्या आमेनहोटेपचं एक लहान, चारी बाजूंनी खांबांचं देऊळ होतं. फ्रेंचांनी ते मोजून काढलं. १८२२ च्या सुमाराला बांधकामाच्या दगडासाठी ते पाडलं. आर्मंटला क्लिओपात्रानं बांधलेलं जन्ममंदिर (देवाच्या जन्मासाठीचं लहान देऊळ) होतं. १८६० च्या आसपास साखर कारखान्यासाठी तेही गेलं. आस्वानजवळच्याच फिले बेटावरल्या देवळाचे रंग फ्रेंचांनी आणि रॉबर्ट्सनं भरभरून काढलेत. १९०२ मध्ये आस्वानचं पहिलं धरण झालं, बेट वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली राहू लागलं आणि रंग धुऊन गेले. ही चित्रं काढणाऱ्यांना धरणाची कल्पनाही नव्हती.

कॅमेरा आल्यावर सगळं सुटलं असंही नाही. १८३९ मध्ये दागेरच्या फोटो काढण्याच्या शोधाची भलामण करताना शास्त्रज्ञ आरागोंनी फ्रेंच संसदेत इजिप्तचंच उदाहरण दिलं: चित्रलिपी उतरवायला माणसांच्या फौजा आणि वर्षं लागली, ती या यंत्रानं एकटा माणूस उतरवेल. दहा वर्षांनी माक्सिम द्यु कां कॅमेरा घेऊन गेला. उंचीचा अंदाज यावा म्हणून आपल्या नावाड्याला तो खांबाशेजारी उभा करी, आणि भिंगाची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर उडेल, अशी धमकी देई. पण झिजलेल्या, काजळी धरलेल्या, दोनदा खोदलेल्या भिंतीवर फोटो सगळंच सारखं दाखवतो: ओरखडाही आणि अक्षरही. निवड माणसालाच करावी लागते. म्हणून १९२४ पासून लक्झरमध्ये काम करणाऱ्या शिकागोच्या पथकानं दोन्ही एकत्र आणलं. मोठ्या केलेल्या फोटोवरच भिंतीसमोर बसून पेन्सिलीनं रेघ ओढायची, ती शाईनं पक्की करायची, मग फोटो रसायनानं उडवून टाकायचा, आणि उरलेली रेघ दोन अभ्यासकांनी वेगवेगळी भिंतीशी ताडायची. सूर्य डावीकडून वर आहे असं धरतात. उठावाच्या शिल्पाची उजवी-खालची कड जाड, खोदीव शिल्पाची डावी-वरची. या एका संकेतानं जे कळतं ते बेल्झोनी-रोसेलिनीच्या बऱ्याच रंगीत प्लेटवरून कळत नाही: शिल्प वर आलंय की आत गेलंय. ताडताना हे विसरू नका.

तुम्हाला स्वतः ताडून बघायचं असेल तर घरबसल्या बरंच होतं. लेप्सिउसच्या सगळ्या प्लेट हॅले विद्यापीठानं नेटवर फुकट ठेवल्या आहेत, फ्रेंच ग्रंथाचीही चांगली स्कॅन मिळतात. कोणत्या भिंतीची कोणी, कधी प्रत केली, हे शोधायला ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटची पोर्टर आणि मॉस यांची सूची आहे, तीही फुकट. तिच्यात आधी देवळाचं नाव, मग खोली, मग भिंत, आणि पुढे विल्किन्सनच्या वहीचं पानसुद्धा. एक भिंत घ्या, सहा नावं लिहून काढा, छापील प्लेट आधी बघा आणि वह्या शेवटी. जिथे सहाजणांचं एकमत आहे तिथे थांबायची गरज नाही. जिथे एकाचं वेगळं आहे तिथे आधी साल बघा: कदाचित तो चुकला नसेल, भिंतच तेवढ्यात बदलली असेल. आणि एखादा तपशील फक्त छापील प्लेटवर असेल, कोणाच्याच वहीत नसेल, तर तो पुराव्यात धरू नका.